चूक सापडली तरी स्क्रिप्ट म्हणते 'सगळं ओके', मदत हवी आहे

मंडळी, डोकं पार आऊट झालंय. ऑफिसच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) एक बॅशची (कमांड चालवणाऱ्या शेलची) चेक स्क्रिप्ट आहे, कोणीतरी लिहून ठेवून गेलं आणि आता ती माझ्या गळ्यात पडलीय. काम साधंच, पायथनच्या फाइलींवर फ्लेक८ चालवायचं, शेलच्या फाइलींवर शेलचेक (दोन्ही कोडमधल्या चुका शोधणारी टूल), आणि काही सापडलं की बिल्ड लाल, म्हणजे फेल करायचं. पण लालच होत नाही! परवा एकाने इम्पोर्ट न करताच मॉड्यूल वापरलं, स्क्रीनवर एफ८२१ ची (हे नाव कुठेच ठरवलेलं नाही) ओळ ढळढळीत दिसतेय आणि त्याच्याच खाली 'सगळं ओके', एक्झिट कोड शून्य, म्हणजे पास. मर्ज झालं, सर्व्हरवर फुटलं, शिव्या मला.

आउटपुट लॉगमध्येही हवं म्हणून फ्लेक८ पुढे पाइप लावून टी कमांड आहे (आउटपुट स्क्रीनवरही दाखवते, फाइलमध्येही लिहिते). मी वर 'सेट -ई' (कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारं) टाकून पाहिलं, ढिम्म फरक नाही. मग टी काढून सगळं थेट लॉगमध्ये वळवलं, फाइलींचा लूप केला आणि चूक आली की ((मोजणी++)) असं केलं, तर आता पहिल्याच खराब फाइलला स्क्रिप्ट गुपचूप मरते, मेसेज नाही काही नाही, आणि पुढच्या फाइली तशाच राहतात. मला सगळ्या फाइली तपासून झाल्यावर शेवटी फेल व्हायला हवंय. (मोबाईलवरून मराठी कीबोर्डनेच लिहितोय, कोड समजून घ्या.)

उत्तर १
पाइपचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. फ्लेक८ बोंबलत असलं तरी टी बिचारं लॉग लिहून शून्य देतं, मग 'सेट -ई'ला कळणार कसं? 'सेट -ओ पाइपफेल' टाका, मग पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी पाइप फेल धरला जातो, टी परत लावलीत तरी चालेल. फक्त पहिली ओळ बॅशचीच आहे ना ते बघा, उबुंटूवर नुसतं एसएच म्हणजे डॅश नावाचं वेगळं शेल, तिथे बॅशच्या निम्म्या गोष्टी चालत नाहीत.

उत्तर २
गुपचूप मरण्याचं कारण फ्लेक८ नाही हो, तुमची मोजणी आहे! ++ मागे लावलं की आधीची किंमत मिळते, म्हणजे पहिल्या वेळी ०, आणि (( )) मध्ये ० आलं की बॅश त्याला फेल समजून १ देतं. 'सेट -ई' तिथेच गळा दाबतं. मोजणी=$((मोजणी+1)) असं लिहा, मी स्वतः यात अख्खी दुपार घालवलीय.

अजून एक, सगळे नॉन-झीरो कोड एकाच पोत्यात भरू नका. शेलचेक १ देतं तेव्हा चूक सापडलेली असते, २ म्हणजे एखादी फाइल त्याला तपासताच आली नाही, आणि १२७ आला तर कमांडच मिळालेली नाही. कोड लगेच पकडा, कमांडपुढे '|| कोड=$?' लावून ($? म्हणजे नुकत्याच झालेल्या कमांडचा एक्झिट कोड), कारण मध्ये एक एको जरी आला तरी $? बदलतो. आणि 'इफ !' लावून आत $? बघू नका, ! निकाल उलटा करतं, तिथे कायम शून्यच दिसेल.

धागाकर्ता
दोघांचे खूप आभार, मोजणी बदलली, पाइपफेल टाकलं, आता सगळ्या फाइली बघून शेवटी फेल होतं. पण उत्तर २ वाल्या दादांच्या सांगण्यावरून कोड छापले तर शेलचेकच्या प्रत्येक फाइलला १२७! बिल्ड मशीनवर ते कधी टाकलेलंच नव्हतं, आणि एरर डेव्ह-नलला (म्हणजे कचऱ्यात) पाठवून ठेवलेल्या. आता सुरुवातीलाच 'कमांड -व्ही'ने दोन्ही टूल आहेत का बघतो, नसेल तर तिथेच थांबवून टूलचं नाव छापतो.

शेलचेक टाकून चालवलं. पहिली तक्रार आमच्याच चेक स्क्रिप्टवर आली, एससी२०८६, व्हेरिएबलला कोट्स नाहीत.