या वयात एचआयव्ही कसा?
"सत्तरीच्या बाईला एचआयव्ही म्हणजे तरुणपणी काहीतरी केलंच असणार" हे वाचून फार वाईट वाटलं. माझी मावशी अडुसष्ट वर्षांची आहे. काका ट्रकवर होते, त्यांच्याकडून तिला लागण झाली. ते गेले, ती राहिली. एप्रिल २००४ मध्ये मुंबईच्या जे. जे.सारख्या मोजक्या सरकारी रुग्णालयांत एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधं मोफत मिळू लागली, म्हणून तर आज मावशीसारखी माणसं म्हातारपण बघताहेत!

मावशी रोज रात्री नऊला गोळी घेते. डबीवरचं लेबल मात्र नखाने खरवडून काढलेलं, सुनेच्या माहेरचं कुणी आलं तर दिसू नये म्हणून. अहो, नियमित औषधांनी विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातूनही पसरत नाही. ताटवाटीतून तर तो कधीच पसरत नव्हता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला एका दवाखान्यात तिच्या फाइलवर लाल शाईने मोठ्ठ्या अक्षरात 'एचआयव्ही' लिहिलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव करायला मनाई आहे, संमतीशिवाय उघड करायलाही. आम्ही लेखी तक्रार दिली, तेव्हा फाइल बदलली. त्या रात्री मावशी पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसली.