प्लॅटफॉर्मला 'मचाण' म्हणावं का?

उत्तरध्रुव

नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडलोय आणि वेळ थोडा आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो. गेली सहा वर्षं धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. इथे परवाना काढून ती कायदेशीर आहे, १ ऑक्टोबरला धनुष्याचा हंगाम उघडतो. पूर्वी लोक झाडाला शिडी आणि खुर्ची बांधून बसत. आता बरेच जण 'सॅडल' वापरतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: सॅडल म्हणजे बूड आणि मांड्या धरणारा रुंद पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फासांना पुढून एक आखूड दोर जोडलेला असतो, त्याला ब्रिज म्हणतात. झाडाला डोक्याच्या उंचीवर दुसरा दोर बांधायचा, तो टेदर. ब्रिज कॅराबिनरने, म्हणजे फाटक असलेल्या धातूच्या कडीने, टेदरला अडकवायचा आणि मागे रेलायचं. तुमचं वजन त्या दोरावर असतं. पायाखाली अॅल्युमिनियमचा एक छोटा प्लॅटफॉर्म, जेमतेम दोन पावलं मावतील एवढा. मागच्या बाजूला दाते, आणि खोडाभोवती आवळलेला एक पट्टा. बास.

गेल्या हंगामात माझा प्लॅटफॉर्म निसटला. बीचचं झाड होतं, साल गुळगुळीत, रात्री पाऊस झालेला. उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडे नेम धरणं अवघड जातं. मी तिकडे वळलो, सगळा भार प्लॅटफॉर्मच्या एका कडेवर गेला, दाते सालीवरून सुटले आणि तो खोडाभोवती फिरला. पाय हवेत. जमीन अठरा-वीस फूट खाली. मी वीतभर खाली आलो आणि दोरावर लटकलो, गुडघा खोडावर आपटला. टेदर थोडा सैल ठेवला होता, ती माझी चूक. ताणून ठेवला असता तर वीतभरही आलो नसतो.

हे आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहिलं. संपादकांनी सगळीकडे 'प्लॅटफॉर्म' खोडून 'मचाण' केलं. परिणामी माझं वाक्य छापायला निघालंय ते असं: 'मचाण निसटलं'. पुण्याला आईला मसुदा पाठवला होता, तिचा रात्री फोन, रडत. मचाण निसटलं म्हणजे तू खाली पडलास आणि मला सांगत नाहीस!

प्रश्न असा, की मचाण चालेल का? नसेल तर काय?

नागझिरा

चालणार नाही. मी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर चार वेळा बसलो आहे, आमच्या वनविभागाच्या निसर्गानुभवात. मचाण माणसाला धरतं. त्यावर आपण बसतो, डबा खातो, पाय पसरतो. मचाण गेलं की माणूस गेला. तुमची आई बरोबर समजली, संपादक चुकले.

शुद्धमती

'प्लॅटफॉर्म' ठेवणं हा पर्याय नाही एवढं आधी मान्य करू. मराठीत रेल्वेच्या प्लॅटफॉर्मला 'फलाट' आहेच. पण इथे संस्कृत धातूंवरून नेमका शब्द घडवता येईल. 'पदफलक' सुचवते. सॅडलला 'आरोहासन'. 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोकांना अवघडच वाटले होते, आज कुणी थबकतं का?

जोंधळा

ताई, पदफलक म्हटलं की मला शाळेतला सूचनाफलक दिसतो.

आमच्याकडे सोलापूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात ज्वारीच्या रानात पाखरं राखायला चार मेढी रोवून वर जे बांधतात तो 'माळा'. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची. पण तोही माणसाला धरतोच, तेव्हा नागझिरांचा आक्षेप तिथेही लागू.

कातळकडा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा एक शब्द देऊ का? पावठी. कातळात पाऊल ठेवण्यापुरती कोरलेली खोबण. 'पुढे पावठ्या आहेत, दोर लावून जा' असं आम्ही रोज बोलतो. पावठीवर कुणी राहत नाही, बसत नाही. पाऊल टेकायचं, जीव दोराच्या हवाली. उत्तरध्रुव सांगतायत ते अगदी हेच आहे.

आणि मचाण, माच, माची सगळी 'मञ्च'ची पोरं. राजगडाच्या सुवेळा आणि संजीवनी माच्या आठवा, अर्धं सैन्य उभं राहील एवढी जागा. दोन पावलांच्या पत्र्याला त्या घराण्यात कशाला घालायचं?

उत्तरध्रुव

पावठी! वाचल्यावर अंगावर काटा आला, कारण माझी चूक नेमकी हीच होती. मनात मी त्याला मचाण समजत होतो. म्हणून टेदर सैल ठेवला, म्हणून प्लॅटफॉर्मवर दोन्ही पायांनी *उभा* राहिलो. सॅडलमध्ये उभं राहायचं नसतं, रेलायचं असतं.

वाघूर

एक आक्षेप. पावठी कातळात असते, ती निसटत नाही. वाचणारा म्हणेल पावठी निसटली म्हणजे डोंगर निसटला की काय?

पण उत्तरध्रुव यांचा मुद्दा फार मोलाचा आहे, त्यावर माझा अनुभव सांगते. मी काही वर्षं बांधकामावरच्या कामगारांसाठी सुरक्षेची पत्रकं मराठीत करत होते. परांचीवर चढणाऱ्यांसाठी मूळ मजकुरात 'बांधून घ्या' अशा अर्थाची सूचना होती. आमच्या वरिष्ठांनी ती 'सेफ्टी बेल्ट लावा' अशी केली, कारण साइटवर सगळे बेल्टच म्हणतात. पुढे एका साइटवर गेले तर प्रत्येकाच्या कमरेला बेल्ट, आणि प्रत्येकाचा हूक पाठीमागे लोंबतोय. कशालाही अडकवलेला नाही. मी विचारलं तर एक मुलगा म्हणाला, 'लावलाय की ताई बेल्ट.' खरंच लावला होता त्याने. आमच्या शब्दाने त्याला तेवढंच सांगितलं होतं.

त्यानंतर मी प्रत्येक वस्तूच्या नावाला एकच प्रश्न विचारते: हे नाव ऐकून माणूस भार कशावर टाकेल?

शुद्धमती

वाघूर, पटलं. मग तर माझा आग्रह वाढतोच. रूढ शब्द जुनी समजूत बरोबर घेऊन येतो, नवा शब्द कोरा असतो. 'पदफलक' कोरा आहे.

जोंधळा

कोरा शब्द कुणी वाचला नाही तर त्याचा उपयोग काय?

सारंगा

शिकारीबद्दल मराठी अंकात लिहावंच का, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती बंद झाली आणि ते योग्यच झालं.

उत्तरध्रुव

सारंगा, भारतात ती बंद आहे हे मलाही योग्यच वाटतं. इथली परिस्थिती वेगळी आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी मनापासून येईन. इथे मला फक्त पायाखालच्या वस्तूचं नाव हवंय.

रावतवाडी

सॅडलकडे कुणी पाहिलंच नाही. शब्दशः 'खोगीर' करणार असाल तर थांबा. खोगीर फारसी आहे, 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा, म्हणजे घोड्याचा घाम टिपणारी गादी. वरचं बसायचं ते 'जीन'. खालून पोटाला आवळतात तो पट्टा 'तंग', आणि पाय ठेवायची ती 'रिकीब'. माझ्या आजोबांकडे टांगा होता, आणि एक घोडी स्वारीसाठी. जीन कसण्याआधी तंगाखाली दोन बोटं घालून बघायचे. घोडं पोट फुगवतं, तंग आवळला असं वाटतं, आणि शंभर पावलांवर जीन फिरून पोटाखाली.

आता बघा, उत्तरध्रुवचा प्लॅटफॉर्म नेमका असाच खोडाभोवती फिरला. पट्टा ढिला, बाजूने भार, गोल वस्तू. त्याच्या पट्ट्याला 'तंग' म्हणा आणि प्लॅटफॉर्मला 'रिकीब'. रिकिबीत पाय असतो, बूड नसतं.

शुद्धमती

चारही शब्द फारसी-अरबी! शिवाजी महाराजांनी याच कारणासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता ना?

रावतवाडी

करवून घेतला, आणि त्यांच्या घोडदळाची पोरं तरीही रिकिबीतच पाय घालत राहिली. मला दोन्हींचा अभिमान आहे.

उत्तरध्रुव

रावतवाडी, तुमच्या आजोबांची दोन बोटं माझ्या लेखात घेऊ का? कारण इथेही तसंच आहे. पट्टा आवळून प्लॅटफॉर्म खाली दाबला की तो 'बसतो', घट्ट वाटतो. पण ओली साल दबते, थंडीत पट्टा आखडतो, तासाभराने पकड वेगळी असते. मी आता चढल्यावर आधी टेदरवर भार टाकतो, मग एका पायाने प्लॅटफॉर्मची डावी कड, उजवी कड लाथाडून बघतो. निसटायचाच तर तेव्हा निसटू दे.

बाकी जे बिघडतं तेही सांगतो, शब्द सुचवायला मदत होईल. ब्रिजचा दोर कॅराबिनर जिथे सतत घासतो तिथे झिजतो. काही ब्रिज डायनिमाच्या धाग्याचे असतात. ताकद प्रचंड, पण धागा घसरडा आणि जेमतेम १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्यामुळे त्यावर घर्षणाची गाठ जपून मारावी लागते. हंगामभर झाडावर ठेवलेले पट्टे उन्हाने कुजतात, खारी कुरतडतात. आणि सर्वांत वाईट वेळ चढतानाची: कमरेभोवतीचा दोर सोडून टेदर अडकवतानाचा तो क्षण. नवा अडकवल्याशिवाय जुना सोडायचा नाही, एवढा एकच नियम, आणि थंडीत बोटं बधिर झाली की तोच मोडतो.

कातळकडा

कॅराबिनरबद्दल भर घालतो, कारण आमच्या मुलांनाही हे सांगून थकलोय. गिर्यारोहणाचा कॅराबिनर लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन सोसतो, म्हणजे साधारण दोन टन. तोच आडवा पडला किंवा त्याचं फाटक उघडं राहिलं तर किमान हमी ७ची. वस्तू तीच, दिशा बदलली.

अवांतर: शब्द मूळ जर्मन, बंदूक अडकवायचा आकडा. कार्बाइन बंदुकीवरून. आणि घर्षणाच्या गाठीला 'प्रुसिक' म्हणतात ते कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकावरून, १९३१ची गोष्ट. दोरावर चढायचा 'जुमार' म्हणजे जुसी आणि मार्टी या दोन स्विस माणसांची आडनावं जोडलेली. यांना कुणी मराठी करायला निघालं तर मी उपोषणाला बसेन.

कुळागर

गोंयचो हांव, पण इथे मराठीतच लिहितो. आमचा पाडेली माडावर चढतो तेव्हा पायांत दोरीचं वेटोळं घालतो, दोन्ही पाऊलं खोडाला चिकटून राहतात. सुपारीच्या झाडावरचा तर झाड झुलवून दुसऱ्या झाडावर जातो, खाली न उतरता. लहानपणी मान दुखेपर्यंत पाहिलंय. त्या वेटोळ्याचं नाव गावच्या एका म्हाताऱ्या पाडेल्याला विचारून सांगतो.

वाघूर

जरूर विचारा. आणि टेदरला शब्द कुणी देतंय का? तोच तर जीव धरतो, आणि आपण सगळे पायाकडे बघतोय.

जोंधळा

दावं.

गुरं बांधतात ते. एक टोक खुंट्याला, एक गळ्यात. जनावर खुंट्यापासून किती लांब जाईल ते दाव्याच्या लांबीवर. उत्तरध्रुवने सांगितलं ना, सैल ठेवला म्हणून वीतभर खाली आलो? दावं लांब राहिलं.

शुद्धमती

'दामन्'पासून दावं. हा शब्द मला मनापासून आवडला. माझ्या घडवलेल्या शब्दांपेक्षा चांगला आहे.

नागझिरा

माणसाला दाव्याला बांधायचं? 'दावणीला बांधणे' हा वाक्प्रचार आठवा. मिंधेपणाचा अर्थ येतो.

जोंधळा

दावणीला बांधला म्हणजे मिंधा. दाव्याला बांधला म्हणजे बांधला. आमच्यात फरक आहे.

माणदेशी

आमच्यात नाही. आणि दावं आखूड असतं, तुम्ही सांगताय त्याला 'कासरा' म्हणा.

जोंधळा

कासरा हाकायला असतो हो, बांधायला नाही!

कुळागर

विचारलं. ते म्हणाले, 'दोरी'. मी म्हटलं तिला नाव असेलच ना. ते म्हणाले, दोरीच. मग त्यांनीच विचारलं, त्या अमेरिकेतल्या पोराची दोरी कसली होती आणि किती जुनी. मला माहीत नव्हतं.

उत्तरध्रुव

त्यांना सांगा, टेदर नायलॉनचा, तीन हंगाम वापरलेला. त्या दिवशी घरी जाऊन बोटांनी सगळा चाचपला, एका जागी आतून पोकळ लागला. कापून टाकला, परत कुणी वापरू नये म्हणून. नवा आणलाय.

संपादकांचं उत्तर आलं. 'पावठी' वाचकांना कळणार नाही म्हणतात, 'मचाण'च ठेवू म्हणतात. मी परत लिहिलंय. लेख मागे घ्यायची तयारी आहे.

रावतवाडी

मागे घेऊ नका. 'मचाण निसटलं' या वाक्यापुढे 'मी दोरावर होतो' एवढं घालायला सांगा.

माणदेशी

उत्तरध्रुव, आतून पोकळ लागला म्हणालात त्यावरून आठवलं. आमच्या विहिरीवर मोट होती तेव्हा आजा पहाटे नाड्यावरून, म्हणजे मोट ओढायच्या दोरावरून, हात फिरवायचा, डोळे मिटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बैल धावेवर उतारानं ओढत असताना नाडा तुटला तर बैल तोंडावर जातात. एकदा एका जागी थांबला आणि म्हणाला, आज मोट नाही. वरून काही दिसत नव्हतं.

जोंधळा

नाडा की मोटेच्या सोंडेचा सोंदूर?

माणदेशी

नाडा. सोंदूर आमच्याकडे चामड्याचं असायचं.

जोंधळा

आमच्याकडे दोन्ही दोराचे. तुमचं गाव कोणतं?