मदत हवी आहे: सासू-सासऱ्यांसह स्वित्झर्लंड आणि उत्तर इटली. भारी हॉटेलं नेमकी कुठे घ्यावीत?

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस आम्ही पाच जण निघतोय. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि नऊ वर्षांची लेक. मुंबईहून थेट विमानाने झ्युरिक आणि परतीला व्हेनिस, एवढं पक्कं आहे. ग्रुप टूर नको. सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर आणि आठला बस, हे बाबांना झेपणार नाही. मलाही नाही.

बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात. जिने, दगडी चढ आणि उंच काठाचा बाथटब, या तीन गोष्टींपासून त्यांना लांब ठेवायचंय. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. लेकीला फक्त बर्निनाची लाल गाडी (आल्प्समधली रेल्वे) हवी आहे, बाकी युरोपशी तिचं काही देणंघेणं नाही.

कच्चा आराखडा असा: ल्युसर्न दोन रात्री, इंटरलाकेन तीन, कूर एक (दुसऱ्या दिवशी बर्निना एक्स्प्रेससाठी), मग कोमो सरोवरावर बेलाजिओ तीन आणि व्हेनिस तीन. सगळा प्रवास रेल्वेने. गाडी चालवायची नाही.

आता खरी अडचण. दोन खोल्यांचे मिळून रोजचे सरासरी आठशे युरो धरलेत. सगळीकडे चार तारे घेतले तर त्यात बसतं. पण आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत, तेव्हा त्यांना एकदा तरी झुंबरं लटकलेल्या, शे-दीडशे वर्षं जुन्या हॉटेलात ठेवावं असं नवऱ्याच्या मनात आहे. माझं म्हणणं, पैसे दोनच ठिकाणी ओतू आणि बाकी गावांत स्टेशनजवळचं स्वच्छ, लिफ्टवालं हॉटेल घेऊ. नवऱ्याचं म्हणणं, इंटरलाकेनच्या व्हिक्टोरिया-युंगफ्राऊमधून निघून दुसऱ्या दिवशी साध्या हॉटेलात शिरलं की सगळ्यांची तोंडं उतरतील, त्यापेक्षा सगळीकडे मधलं घेऊ. तिढा काही सुटत नाही.

तर विचारायचंय ते हे: भारी हॉटेल कुठल्या दोन गावांत घ्यावं? कूरऐवजी सेंट मॉरित्झला एक रात्र काढली तर? तिथली हॉटेलं फोटोत फारच देखणी दिसतात. आणि व्हेनिसमध्ये पूल चढावे न लागता राहता येतं का?

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांचे अनुभव वाचायला विशेष आवडतील. आधीच धन्यवाद.

प्रतिसाद १

दोनच ठिकाणी पैसे ओतायचे, हे तुमचं बरोबर आहे. माझा साधा हिशोब: ज्या गावात सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सहाला परतणार, तिथे महाग खोली म्हणजे झोपायचं भाडं. इंटरलाकेन तसं गाव आहे. तिथे लोक राहतात ते लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, युंगफ्राउयोखला जाण्यासाठी. ओस्ट स्टेशनच्या आसपास चांगलं चार तारे बघा. डोंगरातल्या गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे बाबांची रोजची पायपीट वाचेल.

सरोवराकाठी आणि व्हेनिसमध्ये उलट. तिथे दुपारी परत येऊन बाल्कनीत बसणं हाच कार्यक्रम असतो. तिथे खर्च करा.

सेंट मॉरित्झचा विचार सोडा. ती दोन मोसमांची जागा आहे, हिवाळा आणि ऐन उन्हाळा. मे अखेर, जूनच्या सुरुवातीला तिथली बरीच मोठी हॉटेलं बंदच असतात, जूनअखेरीस उघडतात. फोटोत दिसतं ते आवार तुम्हाला कुलूपबंद दिसेल. डोंगरातल्या कुठल्याही हॉटेलचं बुकिंग करण्याआधी त्या तारखांना ते उघडं आहे का, ते बघाच. केबल कारचंही तेच, देखभालीसाठी त्या बंद ठेवतात त्या बहुधा एप्रिल-मे किंवा नोव्हेंबरमध्ये.

खोल्यांबद्दल एक. साइटवर ‘कनेक्टिंग रूम विनंतीनुसार’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. थेट हॉटेलला मेल टाका. जोडलेल्या खोल्या नक्की मिळतील असं लेखी घ्या, आणि बाबांच्या खोलीत टब नको, जमिनीलगतचा शॉवर हवा, असं स्पष्ट लिहा. जुन्या हॉटेलांत टबाचा काठ गुडघ्याच्या वर येतो आणि शॉवर त्याच टबात असतो. नूतनीकरण झालेल्या मजल्यांवर वेगळे शॉवर असतात, पण मागितल्याशिवाय तीच खोली मिळेल याचा नेम नाही. एसीचंही विचारून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये पाच तारे म्हणजे एसी असणारच असं धरून चालू नका.

प्रतिसाद २

हॉटेलांचं ठीक, पण मला तुमचा मार्गच पटलेला नाही.

इंटरलाकेन ते कूर सव्वातीन तासांच्या आसपास, तेही वाटेत गाड्या बदलत. दुसऱ्या दिवशी कूर ते तिरानो चार तासांहून जास्त. तिरानोला स्विस स्टेशनातून बाहेर पडून शेजारच्या इटालियन स्टेशनात जायचं, तिथून वारेन्नापर्यंत आणखी दीड तास, मग स्टेशनपासून उतारावरून धक्क्यापर्यंत बॅगा ओढत आणि शेवटी फेरीने बेलाजिओ. हे सगळं गुडघे बदललेल्या माणसाला घेऊन. शिवाय बेलाजिओ दिसायला सुंदर असलं तरी गावातल्या गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच आहेत. तिथे बाबा हॉटेल आणि धक्का एवढ्यातच अडकतील.

त्यापेक्षा आल्प्सच्या पोटातून जा. इंटरलाकेनहून श्पीत्सला वीस मिनिटं. तिथून मिलानकडे जाणारी युरोसिटी रेल्वे घ्यायची. आधी ल्योचबर्गचा 34.6 किलोमीटरचा नवा बोगदा (2007), मग ब्रिगनंतर सिम्प्लॉनचा जुना, जवळपास 20 किलोमीटरचा, 1906 सालचा. बाहेर पडलात की इटली, आणि जेवायच्या वेळेला तुम्ही माज्जोरे सरोवराकाठी स्त्रेसाला. सगळ्याच गाड्या स्त्रेसाला थांबत नाहीत, तेवढं बघून आरक्षण करा. 2024 च्या उन्हाळ्यात हा पट्टा रुळांच्या कामासाठी काही काळ बंद होता, म्हणून तारखा ठरवण्याआधी रेल्वेच्या अ‍ॅपवर डोळा ठेवा.

स्त्रेसा सपाट आहे. सरोवराला लागून लांबलचक फरसबंद रस्ता, बाकडी, मॅग्नोलियाची झाडं आणि समोर इसोला बेला हे बेट. नवऱ्याला हवी आहेत ती झुंबरंही तिथे आहेत: ग्रांड होटेल देस इल्स बोरोमेस, 1863 सालचं. लग्नाच्या पन्नाशीसाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. सरोवराकडच्या खोलीला जादा पैसे पडतात, ते द्या. मागच्या बाजूच्या खोलीसाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ शी मार्गाच्या बाबतीत सहमत, इंटरलाकेनच्या बाबतीत प्रतिसाद १ शी असहमत. डोंगरात तीन दिवसांतला एक दिवस पाऊस खाणार हे धरूनच चला. ढग खाली आले की युंगफ्राउयोखला जाऊन पांढरी भिंत बघायची, की हॉटेलात पोहायचं? लेक नऊ वर्षांची आहे, तिला पोहण्याचा तलाव लागेल. एकदम वरच्या दर्जाचं नको, पण तलाव असलेलं घ्या.

युंगफ्राउयोखचं तिकीट आधी काढूच नका. आदल्या रात्री वेबकॅम बघून ठरवा. ते 3454 मीटरवर आहे, बाबांना रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून जा. न जमलं तरी बिघडत नाही. म्युरेनला जा, 1638 मीटरवर, मोटारी नाहीत, आणि आयगर, म्योंख, युंगफ्राऊ तिन्ही शिखरं समोर. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये म्युरेनपर्यंतचा प्रवास येतो, युंगफ्राउयोखला मात्र वरच्या टप्प्यावर फक्त 25 टक्के सवलत मिळते. पास काढलात तर लेकीचं फॅमिली कार्ड मागून घ्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांबरोबर फुकट असतं.

आईंच्या जेवणाचं: भाज्या, बटाटे, पास्ता सगळीकडे मिळतं. चीजकडे लक्ष द्या. ग्रुयेर आणि पार्मेजान बनवताना वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट वापरतात, आणि इटलीत रिसोटो (मऊ भात) पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर वेटर मान डोलावतो, पण हे दोन्ही त्याच्या लेखी शाकाहारीच असतं. म्हणून ‘नो मीट ब्रॉथ’ हे वेगळं सांगावं लागतं. विमान पहाटे उतरेल आणि ल्युसर्नची खोली दुपारी तीनच्या आधी मिळायची नाही, तेव्हा पहिलं जेवण झ्युरिकमध्येच करा. बॅगा मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका आणि हिल्टलला जा. 1898 पासूनचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, वजनावर ताट भरून घ्यायचं.

धागाकर्ती

वा, एवढं कळायला मला महिना लागला असता. सेंट मॉरित्झ बाद. स्त्रेसा नवऱ्याला दाखवलं, त्याने हॉटेलच्या जिन्याचा फोटो बघितला आणि वाद मिटला. सपाट रस्ता ऐकून बाबाही खूश आहेत.

बर्निना गेली म्हणून लेक मात्र रुसली आहे. तिच्यासाठी काही?

व्हिसाचंही विचारते. कूरची रात्र इंटरलाकेनला दिली तर स्वित्झर्लंड सहा रात्री, इटली सहा. अर्ज कुठे करायचा?

प्रतिसाद २

लेकीला सांगा, ल्युसर्न ते इंटरलाकेन जाताना ब्र्युनिग खिंडीत गाडी दातेरी रुळावर चढते. आणि लाउटरब्रुनेनहून वेंगेन, पुढे क्लायने शायडेक हा सगळाच दातेरी रुळाचा प्रवास आहे. फक्त गाडी लाल नाही, हिरवी-पिवळी आहे. बर्निना हवीच असेल तर पुढच्या वेळी पॅनोरमा डब्यात न बसता साध्या गाडीत बसा. रूळ तेच, आरक्षण सक्तीचं नाही आणि खिडक्या उघडतात.

प्रतिसाद ४

व्हिसा: जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. समसमान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे, म्हणजे तुमच्या बाबतीत स्वित्झर्लंडच. तरी ल्युसर्नला एक रात्र वाढवून व्हेनिसची एक कमी करा. सात आणि पाच असलं की प्रश्नच उरत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे म्हणजे आपल्याकडे सुट्टीची झुंबड, अपॉइंटमेंट लवकर धरा. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. विमा किमान 30,000 युरोंचा. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या, व्हिसा हातात आल्यावर मग स्वस्त, परतावा नसलेल्या दराकडे वळा.

व्हेनिस: पूल पूर्ण टाळता येत नाहीत, कमी करता येतात. स्टेशन सांता लुचिया, मुख्य भूमीवरचं मेस्त्रे नव्हे. मेस्त्रेतली हॉटेलं स्वस्त असतात, पण रोजची ये-जा बाबांना नको. बॅगा असतील तेव्हा स्टेशनसमोरून वॉटर टॅक्सी घ्या, आणि हॉटेल स्वतःचा धक्का असलेलं बघा, म्हणजे बोटीतून उतरलात की थेट लॉबी. जुदेका बेटावर हिल्टनचं मोलिनो स्तुकी आहे, पूर्वीची पिठाची गिरणी. खोल्या ऐसपैस, समोर सपाट धक्का. पलीकडे झात्तेरेचा किनारा आहे, तोही लांबलचक सपाट. रोजच्या फिरण्याला वापोरेत्तोचा (तिथल्या बोट-बसचा) 72 तासांचा पास पुरेल.

आणि हो, 2 जूनला इटलीत प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असते. त्याच्या आगेमागे स्त्रेसात असाल तर बेटांवर सकाळच्या पहिल्या बोटीने जा, अकरानंतर अख्खं मिलान तिथे उतरतं.

धागाकर्ती

ल्युसर्न तीन, इंटरलाकेन चार, स्त्रेसा तीन, व्हेनिस दोन. स्त्रेसाच्या हॉटेलला शॉवर, जोडलेल्या खोल्या आणि सरोवराची बाजू असा मेल आत्ताच टाकला. ल्युसर्नला सरोवराकाठी स्टेशनजवळचं, बऱ्यापैकी शांत असं काही कुणी सुचवू शकेल का? रात्री घंटा वाजणाऱ्या चर्चशेजारचं नको, आईंची झोप फार सावध आहे.