निर्दोष सुटल्यानंतरही पोलीस पडताळणीत जुना गुन्हा दिसतो; नोंद पुसून घेता येते का?

ऐरोलीकर

नमस्कार. २०१९ मध्ये दहीहंडीच्या सरावाच्या वेळी आमच्या सेक्टरमध्ये दोन पथकांची मारामारी झाली आणि त्यात माझ्या धाकट्या भावासह आठ जणांवर गुन्हा दाखल झाला. कलमे भारतीय दंड संहितेची १४३, १४७, ३२३ आणि ५०४ अशी होती. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून वाद मिटवला, साक्षीदारांनी न्यायालयात आरोपींना ओळखले नाही आणि २०२३ मध्ये सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. आमच्या लेखी विषय तिथेच संपला होता.

आता त्याला नवी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी मिळत आहे. प्रवेश पासासाठी पोलीस पडताळणी झाली, तेव्हा अहवालात तोच गुन्हा ‘न्यायप्रविष्ट’ म्हणून आला. ओळखीतल्या एका माणसाने चाळीस हजार रुपयांत ‘रेकॉर्ड क्लिअर’ करून देण्याची तयारी दाखवली असून आई त्यासाठी पाटल्या मोडायला निघाली आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायालयाच्या आदेशाने जुनी नोंद काढून टाकता येते असे वाचले. आपल्याकडे असा मार्ग आहे का?

कोर्ट नाका

मी ठाण्यात फौजदारी वकिली करतो. सर्वांत आधी आईंना थांबवा. पोलिसांच्या नोंदीतून गुन्हा ‘काढून देणारा’ माणूस एक तर पैसे घेऊन गायब होतो, किंवा खोटा कागद हाती देतो, आणि तो कागद पुढे सादर झाला की निर्दोष सुटलेल्या मुलावर बनावट दस्तऐवजाचा नवा गुन्हा उभा राहतो.

सज्ञान व्यक्तीची फौजदारी नोंद सरसकट पुसून टाकण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्याचा जो मार्ग लोक सांगतात, म्हणजे पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८, तो चालू प्रकरणासाठी आहे. दोन्ही पक्षांत समेट झाला असेल आणि गुन्हा खून-बलात्कारासारखा समाजाविरुद्धचा नसेल, तर तडजोडीला न बसणारी कलमे असूनही उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात स्पष्ट केले. तुमच्या भावाच्या बाबतीत खटला चालून निकाल लागलेला असल्याने आता रद्द करण्यासारखे काही उरलेले नाही.

कायदा खरोखर नष्ट करायला सांगतो ती गोष्ट वेगळी आहे. अटकेच्या वेळी बोटांचे ठसे आणि छायाचित्रे घेतली असतील, आणि आधी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल, तर निर्दोष मुक्ततेनंतर ती नष्ट करावीत असे १९२० च्या जुन्या कायद्यात होते. त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या कायद्यातही, अपिलाचे मार्ग संपल्यानंतर आणि न्यायालयाने वेगळा लेखी आदेश दिलेला नसल्यास, तीच तरतूद आहे. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करा, कारण आपणहून कोणी ते करेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

तुमची खरी अडचण मात्र निकालाची नोंद न होण्याची आहे. गुन्हा दाखल झाला ही घटना नोंदीत राहील. पण तिच्यासमोर ‘निर्दोष मुक्तता’ असे लिहिलेले असायलाच हवे, आणि ते लिहून घेणे हा तुमचा हक्क आहे.

कळव्याची वैशाखी

माझ्या यजमानांच्या बाबतीत हेच झाले होते. निकाल लागून दोन वर्षे झाली तरी पोलीस ठाण्याच्या संगणकात खटला चालूच दिसत होता. पहिल्यांदा आम्ही निकालपत्राची साधी झेरॉक्स घेऊन गेलो आणि ‘बघतो’ एवढेच उत्तर ऐकून परत आलो. नंतर न्यायालयाच्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रत काढली, अर्जात गुन्हा रजिस्टर क्रमांक, खटला क्रमांक आणि निकालाची तारीख लिहिली, आणि अर्ज दोन प्रतींत नेला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय मी त्या बाकावरून उठले नाही. ती पोच दाखवून पुढचा पाठपुरावा करता आला. एक प्रत पोलीस आयुक्तालयातही दिली. महिन्याभराने नोंद दुरुस्त झाली. निळ्या शाईचा शिक्का असलेला तो कागद आजही आमच्या कपाटात रेशन कार्डाच्या पिशवीत आहे.

ऐरोलीकर

दोघांचेही मनापासून आभार. त्या माणसाला आज नकार कळवला. आणखी एक शंका आहे. कंपनीच्या अर्जात ‘आपल्यावर कधी फौजदारी गुन्हा दाखल झाला होता का’ असा रकाना आहे. भाऊ म्हणतो की सुटलोच आहे तर ‘नाही’ लिहितो.

कोर्ट नाका

तसे अजिबात लिहू नये. ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘खटला प्रलंबित आहे का’ या दोन्ही प्रश्नांना त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, परंतु ‘गुन्हा दाखल झाला होता का’ याचे खरे उत्तर ‘होय’ आहे. त्यापुढे निकालाची तारीख लिहून प्रमाणित प्रत जोडावी. सरकारी नोकरीतील अशा माहितीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सविस्तर निकाल दिला आहे. माहिती खरी द्यावी. ती लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते. आणि खरी माहिती दिल्यानंतरही नियुक्ती करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो. म्हणून शंभर टक्के खात्री मी देणार नाही. पोलीस भरतीसारख्या शिस्तीच्या नोकरीत तर साक्षीदार फिरल्यामुळे झालेली सुटका आणि सन्मानाने झालेली सुटका यांत फरक केला जातो. तरीही एकोणिसाव्या वर्षीची मारामारी, तीही किरकोळ कलमांची, समजून घेण्याजोगी आहे असे मला वाटते. लपवलेली माहिती तशी वाटत नाही.

घणसोली २१

माझ्या मुलावर सतराव्या वर्षी मोटारसायकल चोरीचा गुन्हा होता आणि प्रकरण बाल न्याय मंडळासमोर गेले होते. त्यालाही हेच लागू होते का?

कोर्ट नाका

नाही, त्याची स्थिती पुष्कळ चांगली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार त्या प्रकरणामुळे त्याला कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा नियमांत ठरवलेल्या वाजवी काळानंतर, संबंधित नोंदी नष्ट करण्याचे निर्देश मंडळाने द्यायचे असतात. सोळा वर्षांवरील मुलाने निर्घृण गुन्हा केला आणि त्याच्यावर सज्ञानाप्रमाणे खटला चालला, तर मात्र वेगळा नियम आहे. चोरी त्यात येत नाही. निर्देश निघाले आहेत की नाहीत, हे मंडळाच्या कार्यालयात विचारा आणि नसतील तर अर्ज द्या.

ऐरोलीकर, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून प्रकरणाची सद्यस्थिती काढा आणि ते पानही अर्जाला जोडा. अर्जावर सही भावाची असावी आणि पोलीस ठाण्यात तो स्वतः जावा. तुम्ही सोबत राहा.

ऐरोलीकर

सोमवारी दोघे जात आहोत. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज आजच दिला असून आईच्या पाटल्या हातातच आहेत.