सीनाकाठच्या मक्यात रानडुकरं: पाच जणांनी मिळून काय करावं?

सीनाकाठ_मोहोळ:
आम्हा पाच शेतकऱ्यांची सलग अकरा एकर जमीन आहे. सहा एकर मका, तीन एकर ऊस, बाकी भुईमूग. मका चिकात आलाय, म्हणजे कणसात दुधाळ दाणा धरलाय, आणि ओढ्यातल्या वेड्या बाभळीतून डुकरांचा कळप रोज रात्री उतरतोय. खातात त्याहून जास्त आडवा पाडतात. पोरं म्हणतात कुत्री-जाळी घेऊन हाका घालू, म्हणजे डुकरं हाकत आणून जाळ्यात धरून मारू. कायद्यात बसतं का? नसेल तर पाच जणांना झेपेल असा पक्का उपाय कोणता?

माळरान:
दादा, हाका, जाळी, फास यातलं काहीच नको. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. विनापरवाना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी सातबारा आणि नुकसानीचे फोटो घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा. परवानगी मिळाली तरी मेलेलं जनावर सरकारचं असतं, त्यामुळे मटणाचे वाटे घातले की वेगळा गुन्हा.

क्लच वायरचा फास तर लावूच नका. आपल्या माळावर लांडगा आणि तरस आहेत, धनगरांची कुत्री फिरतात. फास काही डुक्कर बघून आवळत नाही.

भरपाईचा अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत द्या. पंचनामा होईपर्यंत पडलेला मका उचलू नका, खुरांचे ठसे आणि उकरलेली माती फोटोत येऊ द्या. वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६.

झटका_तार:
पक्का उपाय म्हणजे सौर कुंपण, म्हणजे सौर मशीनमधून क्षणभराचा झटका देणाऱ्या तारा, आणि सलग अकरा एकराला एकच मशीन पुरतं, हा तुमचा मोठा फायदा. डुकरासाठी तारा खाली हव्यात: जमिनीपासून ६, १४ आणि २४ इंचांवर. पहिली तार फूटभर वर घेतली की पिल्लं खालून जातात आणि मागोमाग मादी तार उचलून घुसते. डुकराच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडी, तिथं झटका नीट बसत नाही. तो बसायला हवा ओल्या नाकाला. नाक चुकून डोकं आत गेलं की जनावर मागं न फिरता पुढंच पळतं, तारेसकट.

खांब १० ते १२ फुटांवर, चढउतार असेल तिथं जवळ. कोपऱ्याच्या खांबांना तिरपा टेका द्या, नाहीतर तार ढिली पडते. खालच्या तारेला तण टेकलं की दाब तिथंच गळतो, म्हणून दोन फुटांचा पट्टा कायम साफ ठेवा. लांबच्या टोकाला टेस्टरवर चार-पाच हजार व्होल्ट दिसायला हवेत. कुंपण कणीस भरायच्या आधी चालू करा. एकदा चटक लागली की झटका सोसूनही येतात.

घरच्या लाइटचे २३० व्होल्ट तारेत कधीही सोडू नका. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, लाइटचा करंट धरून ठेवतो. रात्रपाळीच्या लाइटला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलेला माणूसच त्यात मरतो.

सीनाकाठ_मोहोळ:
आमची जमीन मुरमाड. शेजारच्या शिवारातल्या कुंपणावर उन्हाळ्यात टेस्टर जेमतेम दोन हजार दाखवतो. मशीन बदलावं का?

झटका_तार:
आधी अर्थिंग, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकलेले गज, तपासा भाऊ. मशीन बंद करून, तिथून शंभरेक मीटरवर एक लोखंडी गज तारेला टेकवून जमिनीत रोवा. मग मशीन चालू करून अर्थच्या गजावर टेस्टर लावा. तीनशे व्होल्टच्या वर दाखवला तर अर्थ कमी पडतोय. निदान तीन गज, १० फुटांच्या अंतरानं, ओल लागेल एवढे खोल ठोका आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहा. मोटारीच्या अर्थिंगला जोडू नका, त्यापासून ३० फूट तरी लांब राहा.

मुरमाला आणखी एक तोड आहे: मधली तार झटक्याची न ठेवता अर्थला जोडा. नाक एका तारेला आणि अंग दुसरीला लागलं की कोरड्या जमिनीतही पूर्ण झटका बसतो. मात्र या दोन तारा एकमेकींना भिडल्या तर सगळं कुंपण मेलं, त्यामुळे ताण रोज बघावा लागतो.

ऊसतोड_बार्शी:
कुंपण घालायच्या आधी डुकरं आत नाहीत ना, हे बघा. दिवसा ती तुमच्याच उसात बसलेली असतील, तर कुंपण त्यांना आत कोंडेल. सकाळी बांधावरून फिरून ताजे ठसे आत जातात की बाहेर येतात ते पाहा, आणि ओढ्याकडची बाजू शेवटी बंद करा.

उसाची तोड लागली की गावाच्या बाजूनं सुरू करून ओढ्याकडं सरका. चारही बाजूंनी तोडत आणलं की शेवटच्या पट्ट्यात कळप अडकतो आणि मजुरांच्या अंगावर येतो. नराचे सुळे मांडी फाडतात, पिल्लांची मादीही तितकीच वाईट. ओढ्याच्या तोंडाला कुणी उभं राहायचं नाही, टोळीतली लहान पोरं फडाबाहेर ठेवायची.

कुंपण होईपर्यंत माळ्यावर दोघं-दोघं, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत. पाचवा त्या रात्री झोपेल. बॅटरी, डबे, फटाके चालतील, पण जागा आणि आवाज रोज बदला, नाहीतर चार दिवसांत सरावतात. अंधारात पाठलाग नको.