मदत हवी आहे: सोव्हिएत अण्वस्त्रांतलं युरेनियम अमेरिकी अणुभट्ट्यांत गेलं कसं?

सोव्हिएत संघ फुटल्यानंतर रशिया-अमेरिकेत 1993 साली झालेल्या 'मेगाटन ते मेगावॅट' करारावर लेख लिहिते आहे. 500 टन युरेनियम 'सौम्य केलं' एवढंच वाचायला मिळतं. ते कशात मिसळलं, किती प्रमाणात? नैसर्गिक युरेनियम चाललं नसतं का? आणि कालचे शत्रू एकमेकांवर विसंबले कसे?

प्रतिसाद 1

आधी वॉरहेडमधल्या धातूचा कीस करायचा, तो भाजून ऑक्साइड करायचं, शुद्ध करायचं, मग फ्लोरिन वापरून हेक्साफ्लोराइड वायू. पुढे नळ्यांचा तिठा: एकीतून साधारण 90 टक्के समृद्ध वायू (म्हणजे त्यातल्या युरेनियमपैकी 90 टक्के यु-235, सहज फुटणारा समस्थानिक), दुसरीतून 1.5 टक्क्यांचा, तिसरीतून 5 टक्क्यांच्या आतला तयार माल. 4.4 टक्के हवं असेल तर (90 − 4.4) ला (4.4 − 1.5) ने भागा, 1 किलोमागे सुमारे 29.5 किलो मिसळावं लागतं.

नैसर्गिक (0.711 टक्के) घेतलं तर 23 किलोतच भागतं, पण यु-234 आडवं येतं. समृद्ध करताना हा हलका समस्थानिक यु-235 पेक्षाही जास्त गोळा होतो, आणि इंधनाच्या मानकात त्याला मर्यादा आहे. म्हणून रशियाने समृद्धीकरणातून उरलेलं युरेनियम, ज्यातलं 234 बरंचसं निघून गेलेलं असतं, तेच पुन्हा 1.5 टक्क्यांपर्यंत चढवलं. त्यासाठी सेंट्रिफ्यूज (समृद्धीकरणाची वेगाने फिरणारी यंत्रं) खूप लागतात. रशियाकडे ते गरजेपेक्षा जास्त होतेच. मला या करारातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

प्रतिसाद 2

विश्वासावर फारसं काही सोडलं नव्हतं. नोवोउराल्स्क, सेवेर्स्क आणि झेलेनोगोर्स्क इथे तिठ्याच्या तिन्ही नळ्यांवर अमेरिकी उपकरणं होती. समृद्धी गॅमा किरणांवरून कळे, प्रवाह कॅलिफोर्नियम-252 च्या न्यूट्रॉनांनी मोजत.

गाडी अडली ती पैशांवर. अमेरिकी खरेदीदार फक्त समृद्धीकरणाच्या कामाचे पैसे देई. तेवढं इंधन बनवायला एरवी जे नैसर्गिक युरेनियम लागलं असतं, त्याचा मोबदला रशियाला कसा मिळायचा, याचा तिढा 1999 च्या करारानंतर सुटला. शेवटची खेप 2013 च्या नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्गहून निघाली.

प्रतिसाद 3

प्लुटोनियमचा विषय यात मिसळू नका. त्याचा करार वेगळा, 2000 चा, प्रत्येकी 34 टनांचा. रशियाने तो 2016 मध्ये स्थगित केला. युरेनियमला यु-238 (सहज न फुटणारा समस्थानिक) घालून निरुपद्रवी करता येतं, प्लुटोनियमला तशी सोय नाही.

शिवाय 500 टन हा वॉरहेडमधल्या मालाचा आकडा आहे. तयार झालेलं इंधन 14,000 टनांहून जास्त. लेखात कोणता आकडा कशाचा, ते प्रत्येक वेळी लिहा.