पूर ओसरल्यावर हात हवेत

एकांनी विचारलंय, पूर-वादळ आल्यावर चर्चचे स्वयंसेवक जेवण वाटण्यापलीकडे करतात तरी काय? गाळ उपसतात! अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं हे मदतकार्य 1967 साली टेक्सासमधल्या ब्यूला चक्रीवादळानंतर सुरू झालं, तेही टाकाऊ डब्यांच्या चुलींवर रांधून. आता त्यांची पिवळ्या शर्टातली पथकं पडलेली झाडं कापतात, घराघरांतला चिखल काढतात. आधी रीतसर प्रशिक्षण घेऊन.

याचं मोल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पात्रातली, पुराची पातळी दाखवणारी दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, त्यानंतर मी भांडी बाजारात मावशीच्या दुकानी फावडं घेऊन गेलो होतो. गाळ ओला असतानाच ओढावा लागतो, वाळला की फरशी सोडत नाही. शटरच्या खाचेतला तर आम्ही उलथन्याने, शेवटी चमच्याने खरवडला. मावशी पायरीवर बसून हिशेबाच्या वह्यांची पानं एकेक सुटी करत होती. खाण्याची पाकिटं भरपूर आली, फावडं धरणारे मात्र आम्ही चौघंच.

मंदिर असो, मशीद असो की चर्च, पावसाळ्याआधी फावडी, घमेली, गमबूट एका जागी जमवून ठेवूया. माझी दोन घमेली धरा.